वाररेषेवरची चिकटपट्टी

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे, आणि खरं सांगायचं तर पुरता वैतागलेला आहे. सगळे समुद्र, सगळे डोंगर अंगावर घेऊन बसलोय. पण या घरात मला विचारतं कोण? टोपी अडकवायला मी, ओले मोजे वाळत घालायलाही मीच!

कारखान्यात कागदाच्या लगद्याच्या दोन वाट्या जोडून मला घडवलं. वरून नकाशाच्या निमुळत्या पट्ट्या डकवल्या. एका घड्याळजींनी मला त्यांच्या छोट्या लेकीसाठी घरी आणलं. तेव्हा माझं काय कौतुक होतं! ती मला गरागरा फिरवायची, डोळे मिटून बोट टेकवायची आणि विचारायची, "बाबा, आत्ता इथे किती वाजले?"

घड्याळजी हौसेने समजावायचे. पृथ्वी फिरत असते, म्हणून एका गावात दिवे मालवतात तेव्हा दुसऱ्या गावात चहाचं आधण चढतं. माणसांनी माझ्यावर चोवीस पट्टे कल्पिले. पूर्वेकडे एकेक पट्टा ओलांडा, घड्याळ तासाने पुढे. पण असे चोवीस पट्टे ओलांडून घरी परतलात तर अख्खा दिवस पुढे गेलेले असाल! शेजारी सोमवारात आणि तुम्ही मंगळवारात. हा जादा दिवस कुठेतरी उतरवायला हवाच. म्हणून महासागरातून एक रेघ ओढली, बेटांना वळसे घालत जाणारी. ती पूर्वेकडे ओलांडली की एक वार मागे, पश्चिमेकडे ओलांडली की एक वार पुढे. घड्याळजी तासांचं सगळं सांगायचे, पण रेघेपाशी आले की म्हणायचे, "ते पाण्यातलं आहे, आपल्याला काय करायचंय?"

पुढे मी एकदा टेबलावरून पडलो आणि बाजूला उकललो. घड्याळजींनी रुंद तपकिरी चिकटपट्टी वरपासून खालपर्यंत चापून बसवली. कुठे? नेमकी त्या रेघेवर! एवढं मोठं अंग माझं, पण यांना तीच जागा सापडली.

लेक मोठी झाली आणि हवामान मोजायला दूरच्या एका बेटावर निघाली. घड्याळांचं दुकान तिने चालवावं, अशी घड्याळजींची इच्छा. "जातेस तर जा," ते कडाडले, "पण मला फोन करू नकोस." तिने खरंच केला नाही. आईशी बोलायची, बाबांचं नाव निघालं की विषय बदलायची.

आणि एका शनिवारी संध्याकाळी घड्याळजी आणि त्यांची बायको बाजारातून परतली, तर फोनवर निरोप होता. "आज शुक्रवार. आत्ताच काम संपलं. परवा सकाळी नऊला फोन करते. बाबांनीच उचलावा. त्यांनी नाही उचलला, तर पुन्हा त्यांना त्रास देणार नाही."

"कालचा निरोप दिसतोय," घड्याळजी म्हणाले. "शुक्रवारपासून परवा म्हणजे उद्या, रविवार. तिचं घड्याळ आपल्यापुढे तासभर. आपल्याकडे आठ."

"अहो, काल मी दिवसभर घरात शिवत बसले होते. फोन वाजलाच नाही."

"तुझ्या मशीनच्या खडखडाटात तुला ढग गडगडलेले तरी ऐकू येतात का?"

मी आतून ओरडत होतो: अहो शहाणे, निरोप आजचाच आहे! तिचाच वार मागे आहे! पण लगद्याला कुठली वाचा?

रविवारी घड्याळजी नवा सदरा घालून फोनसमोर बसले. आठ वाजले, दहा वाजले, जेवण निवलं. संध्याकाळी ते उठले. "मुद्दाम बसवून ठेवलं मला. सूड घेतला पोरीने."

सोमवारी सकाळीच ते दुकानात निघाले. पायात बूट चढले. बायको दारात आडवी.

"तासाभराचा फरक ना? मग शनिवारी तिच्याकडे शुक्रवार कसा? दाखवा मला, कुठे आहे ती."

"दाखवतो! म्हणजे डोक्याची कटकट जाईल." त्यांनी माझ्यावरची टोपी भिरकावली, मला वळवलं. बोट सरकत सरकत चिकटपट्टीवर आलं आणि अडलं.

"या पट्टीखाली काय आहे?"

"पाणी."

"पाणीच ना? मग बघू द्या." तिने कात्रीच्या टोकाने पट्टी सोलली. माझा थोडा समुद्र निघाला, पण हूं की चूं केलं नाही मी! खाली बारीक अक्षरं होती. तिने वाचली, "आंतरराष्ट्रीय वाररेषा. पूर्वेकडे ओलांडली की एक वार मागे. म्हणजे आपण अलीकडे आणि ती पलीकडे. अहो, तिच्याकडे रविवार आज आहे!"

घड्याळजी स्टूल ओढून फोनसमोर बसले. पायातले बूट काढायचेही राहिले. आठच्या ठोक्याला फोन वाजला आणि त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"अगं, काल दिवसभर बसलो होतो मी."

"काल? काल तर शनिवार होता, बाबा."

त्यांचं तोंड वाद घालायला उघडलं, मला दिसलं. मग मिटलं.

"असेल," ते म्हणाले. "तुझ्याकडे असेल. तू सांग, तिकडे ऊन पडलंय का?"

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू फाटल्या तर जरूर जोडा. पण जोडताना खाली काय लिहिलंय, ते आधी वाचा. आणि आता माझ्यासमोर कुणी मोठ्याने बोलू नका. घड्याळजी ऐकत आहेत.