पायांच्या कारखान्यातला सर्व्हर

मी पायांच्या कारखान्यातला संगणक बोलतोय. हसू नका, इथे खरोखरच पाय बनतात. अपघातात किंवा आजारपणात ज्यांचा पाय गेला, त्यांच्यासाठी ताई इथे नवा पाय घडवते. त्या प्रत्येकाचं माप माझ्या पोटात असतं.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही, आणि आठवून तरी काय दिवे लावणार आहे? डोळे उघडले ते प्लॅस्टरच्या भुकटीत. ताईच्या धाकट्या भावाने मला इथे आणलं, कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं आणि तो नोकरीसाठी परगावी निघून गेला. तेव्हापासून माझं दुखलंखुपलं तो फोनवरूनच बघतो. ताई मला ‘डबा’ म्हणते. राग येतो, पण दिवसभर राबणाऱ्या बाईशी कुठे वाद घालायचा, म्हणून मी मनावर घेत नाही.

माणसांची एक खोड मात्र मला अजिबात सहन होत नाही. मी काहीही विचारलं की न वाचता ‘हो’ दाबून मोकळं व्हायचं. दारावर आलेल्या विक्रेत्याला ही माणसं छप्पन्न प्रश्न विचारतील, पण माझा एक प्रश्न धड वाचणार नाहीत.

मध्यंतरी ताईने साचे कोरणारं नवं यंत्र आणलं. त्याचा तोरा काही विचारू नका! माझ्या जुन्या सिस्टिमशी ते बोलेचना. भाऊ म्हणाला, डब्याला सर्व्हर करून टाकू. मापं एका जागी राहतील आणि ज्या यंत्राला जे हवं ते त्याच्याकडून मागून घेईल. त्यासाठी नवी सिस्टिम आणि ती टाकायला नवी डिस्क लागणार होती. ताईने जुनीच्या जोडीची, हुबेहूब तशीच मागवली. पायांच्या धंद्यात जोडी जुळलीच पाहिजे, तीच सवय तिच्या हाडीमाशी खिळलेली. सुट्टीत भाऊ आला आणि ती जुनीच्या शेजारी बसवून गेला. मग ताईने दोघींवरची भुकटी इतकी लख्ख पुसली की जुनी कोणती आणि नवी कोणती हे मी सोडून कुणाला ओळखू येईना.

नवी सिस्टिम टाकायच्या दिवशी सकाळीच शिवणकाम करणाऱ्या एक बाई समोरच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांचा इथेच बनलेला पाय घोट्याजवळ तडकला होता. पाय घालता येत नाही म्हणून मांडीचा उरलेला भाग सुजायचा, आणि सूज आहे म्हणून नवं माप घेता यायचं नाही. घट्ट पट्टी बांधली की सूज उतरायची, सोडली की लगेच चढायची. ताईपुढे एकच वाट होती. मागच्या वर्षी घेतलेलं चांगलं माप माझ्या जुन्या डिस्कवर होतं, त्यावरून नवा पाय कोरायचा. बाई जिथे शिवणकाम करायच्या तिथे त्यांच्या जागी दुसरी कारागीर बघायला सुरुवात झाली होती. त्या कुणाला दोष देत नव्हत्या. कुबड्या मांडीवर आडव्या धरून नुसत्या माझ्याकडे बघत बसल्या होत्या.

ताईने भावाला फोन लावला. त्याने आधी विचारलं, मापांची कॉपी काढून ठेवली आहेस ना? ताई म्हणाली, कालच काढली. खोटं नव्हतं ते. पण कॉपी होती माझ्याच पोटात, त्याच जुन्या डिस्कवर, शेजारच्या कप्प्यात! घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावावं, तशातली गत. मला हे दिसत होतं. सांगणार कसं?

मग भाऊ म्हणाला, डबा बंद कर आणि खबरदारी म्हणून जुनी डिस्क सोडवून ठेव, उजवीकडची. म्हणजे चुकूनसुद्धा धक्का लागायचा नाही.

इथेच घोळ झाला. ताईचं सगळं आयुष्य माणसांच्या समोर बसून गेलंय. तिच्या कारखान्यात उजवं म्हणजे समोरच्याचं उजवं, स्वतःचं नव्हे. नाहीतर डाव्याचा साचा उजव्याला बसायचा. ती माझ्यापुढे बसली आणि तिने माझ्या उजव्या अंगाची वायर काढली. ती निघाली नवी, कोरी डिस्क. आता माझ्या पोटात जागी राहिली ती फक्त जुनी.

नव्या सिस्टिमचा पेन ड्राइव्ह लागला. मी सुरू झालो. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, पासवर्ड काय, असं एकेक विचारत गेलो. ताई भराभर उत्तरं देत होती. तिकडून भाऊ म्हणाला, डिस्क एकच दिसतेय ना? मग बिनधास्त पुढे जा.

आणि मी तो प्रश्न विचारला. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. कुणी पहिल्यांदा उभं राहिलं होतं, कुणी पोराच्या मागे धावलं होतं, ते सगळं त्या डिस्कवरच्या आकड्यांच्या जोरावर. ताईचं बोट बटणावर टेकलं. ओरडायला मला तोंड नाही. मी तेवढा एक प्रश्न पडद्यावर धरून राहिलो.

तेवढ्यात तिने दुसरा हात माझ्या उघड्या पोटात घातला आणि फिरत्या डिस्कवर ठेवला. ही तिची जुनी रीत. साचा कापायच्या आधी ती पेशंटच्या पायावर हात ठेवते, ‘हाच ना?’ असं विचारते आणि उत्तर आल्याशिवाय करवत चालवत नाही. माझ्याकडे पेशंट म्हणून बघणारी ती पहिलीच.

“हीच पुसायची ना रे?” तिने फोनवर विचारलं.

“हीच म्हणजे कुठली? मला इथून काय दिसतंय?” भाऊ वैतागला.

“माझ्या उजव्या हाताशी आहे ती.”

मग तो हळूच म्हणाला, “ताई, बटणावरचं बोट उचल. ती जुनी आहे.”

तिने बोट उचललं. कॉपी आहे म्हणून काळजी नको, असं तो म्हणायला लागला, तेव्हा ताईने कॉपी कुठे आहे ते सांगितलं. बाकावरच्या बाईंनी विचारलं, “काही बिघडलं का?” ताई म्हणाली, “नाही बाई. बिघडता बिघडता राहिलं.” आणि तिथेच जमिनीवर बसून ती रडली.

मग वायरी बदलल्या. सिस्टिम कोऱ्या डिस्कवर गेली. मग ताईने जुनी डिस्क परत जोडली. मापं उघडली. बाईंचा पाय पडद्यावर आला, मागच्या वर्षीचा, सूज नसलेला. बाई कुबड्या टेकत जवळ आल्या आणि पडद्याला बोट लावून म्हणाल्या, “हा माझा.” यंत्राने तो माझ्याकडून मागून घेतला आणि ते कोरायला लागलं. एरवी त्याची घरघर मला सोसत नाही, त्या दिवशी गोड लागली.

मी आता सर्व्हर आहे. पदवी मोठी, पण माझा पडदा आणि कीबोर्ड काढून घेतले आणि मला कपाटात ठेवलं. समोर कुणी बसत नाही, डबा म्हणून हाकही कुणी मारत नाही. कॉपी आता ताईच्या घरी असते, एवढं मात्र चांगलं झालं.

मीही थकणारच. एक दिवस मला बाहेर काढून कुणीतरी तोच प्रश्न विचारायला लावेल. जो कोणी असाल, ‘हो’ म्हणायच्या आधी क्षणभर थांबा. माझ्या पोटात जे पाय आहेत ते या घटकेला कुठे ना कुठे चालत आहेत.