सतराव्या वळणाचं काम

गाडी कठडा तोडून खाली गेली की आधी आवाज येई, मग धूळ उडे, आणि मग मावशी हातातलं घमेलं टाकून ओरडे, "मुकादम, आलं गिऱ्हाईक!"

घाटातल्या सतराव्या वळणाला लागूनच रस्त्याच्या कामगारांची पत्र्याची चौकी होती. तिथे मुकादम आणि त्यांची तीन माणसं: तोंडाची फटकळ पण हाताची चलाख मावशी, आणि दोघे भाऊ, ज्यांना सगळे थोरला आणि धाकटा एवढंच म्हणत. त्यांचं काम खड्डे बुजवायचं, गटारं मोकळी करायची, पडलेल्या दरडी उचलायच्या. दरीतून माणसं वर काढायचं काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. पण वळणाखाली तीस-पस्तीस फुटांवर झुडपांनी भरलेला एक सपाट टप्पा होता, आणि बहुतेक गाड्या तिथेच अडकत. डोळ्यांदेखत माणूस अडकलेला असताना गटार कोण उपसत बसेल? मुकादमांनी स्वतःच्या खर्चानं जाड दोर आणला, शिडी केली, धाकट्याला गाठी मारायला शिकवलं. दहा मिनिटांत माणूस वर, पंधराव्या मिनिटाला मिळेल त्या गाडीतून खालच्या शहरातल्या दवाखान्याच्या वाटेला.

त्या दिवशी पांढऱ्या गाडीतला एक तरुण वर काढला. उतारावर तीन गाड्यांना एका दमात मागे टाकायला गेला होता. हात मोडला होता, कपाळातून रक्त येत होतं. त्यानं आधी मोबाईल मागितला. तो मिळाल्यावर जरा दम धरून मुकादमांवरच डाफरला, "एवढं धोक्याचं वळण आहे, साधी पाटी लावता येत नाही तुम्हाला?"

"लावली होती," मुकादम म्हणाले. "तुमच्या गाडीखाली आहे."

संध्याकाळी मुकादमांची लेक घरी आली. ती त्याच दवाखान्यात एक्स-रे काढायची. चप्पल काढता काढता म्हणाली, "बाबा, आजचा डावा हात तुमच्याकडचाच ना? दोन ठिकाणी मोडलाय."

"माझ्याकडचाच. माज मात्र एका ठिकाणीही मोडला नाही."

बापलेकींचा हा नेहमीचा विनोद होता. बाप माणूस पाठवणार, लेक फोटो काढणार. पण लेक स्वतः रोज दोनदा त्याच वळणावरून जायची. सकाळची बस उशिरा पोचे, म्हणून ती माणसं भरून नेणाऱ्या वडाप जीपनं जाई. त्या जीपला आणि तिच्या चालकालाही सगळा घाट 'विमान' म्हणे. हे नाव त्याला कुणी शिवी म्हणून दिलं होतं, पण त्यानं ते काचेवर मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं.

मुकादमांचा कचेरीत अर्ज गेला नाही असा महिना नसे. वळणाआधी रस्ता खडबडीत करा, मजबूत कठडा द्या, गतिरोधक द्या. या वेळी ते स्वतःच साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. साहेब म्हणजे तिशीतला अभियंता. माणूस वाईट नव्हता, पण कागदाबाहेर बघायची सवय त्याला कुणी लावली नव्हती. त्यानं यादी काढून दाखवली.

"मुकादम, धोक्याच्या जागांच्या यादीत नाव आलं तरच निधी मिळतो. तीन वर्षांत पाच मृत्यू लागतात. तुमच्या वळणावर एक आहे."

"साहेब, चौतीस गाड्या खाली गेल्यात तीन वर्षांत!"

"गाड्या मोजत नाहीत. माणसं मोजतात."

"माणसंही खाली गेली की. आम्ही ओढून वर काढली म्हणून..."

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले. "ती मेली नाहीत."

मुकादम चौकीवर परतले ते पाय आपटतच. एकतीस वर्षांची नोकरी झाली, पण इतका संताप त्यांना कधी आला नव्हता. म्हणजे आपला दोर चांगला, म्हणून वळण वाईटच राहणार! मनात येऊ नये ते येऊन गेलं: चार वेळा आपण जरा सावकाश उतरलो असतो, तर एव्हाना कठडा झाला असता. त्या विचाराची त्यांना इतकी शरम वाटली, की रात्री ताटावरून तसेच उठले. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

पुढच्याच आठवड्यात ते गटाराजवळ उभे असताना वरून विमान आलं. वळणावर समोरून ट्रक येत होता. विमाननं ट्रकच्या आणि डोंगराच्या मधून जीप काढली, मागचं चाक गटारात गेलं, जीप डोंगराला घासत वीस हात पुढे जाऊन थांबली. आतून किंचाळ्या. मुकादम धावले. दुसऱ्या रांगेत लेक बसली होती, पुढच्या दांड्यावर आपटून तिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. हाच ट्रक जरा डोंगराच्या बाजूला असता, तर विमान दरीच्या बाजूनं गेलं असतं. एवढाच काय तो फरक.

मुकादमांनी विमानची गचांडी धरून त्याला खाली ओढलं. "अरे, नऊ माणसं आहेत आत! तुला काही लाज?"

विमान हसत होता. घाबरला होता, पण तरी हसत होता. "सोडा ना, काका. काही झालं का? आणि झालं असतं तरी तुम्ही आहात की दोर घेऊन! सगळा घाट म्हणतो, पडायचं तर सतराव्यावर पडा."

मुकादमांचा हात आपोआप सुटला. 

लेकीला त्यांनी नोकरी सोडायला सांगितलं. ती म्हणाली, "मी का सोडू? गाडी तो उडवतो आणि घरी मी बसू?" तिचंही खरंच होतं. आईनं मध्ये पडून दोघांना गप्प केलं.

मग मुकादमांनी ते काम केलं, जे नियमानं करायचं नसतं. खड्डे बुजवून उरलेलं डांबर होतं, खडी तर पडूनच होती. एका दुपारी वळणाच्या साठ पावलं आधी, दोन्ही बाजूंना, चौघांनी मिळून दोन गतिरोधक घातले. चढ मोजून घेतला, वर पांढरे पट्टे मारले, लांबून दिसावेत म्हणून कडेला रंगवलेले दगड मांडले. संध्याकाळ व्हायच्या आत काम संपलं होतं. मुकादमांचा तो बाणाच होता: हाती घेतलेलं काम अर्धं टाकायचं नाही. त्यांच्या नोकरीच्या वहीत 'काम अपूर्ण' असा शेरा एकदाही नव्हता, आणि ही गोष्ट ते पाहुण्यारावळ्यांना दोन-दोनदा ऐकवत.

बावीस दिवस एकही गाडी खाली गेली नाही. लोक शिव्या देत, पण हळू जात. विमान तर रोज काच खाली करून म्हणे, "काका, कंबर मोडली की हो!" मुकादम म्हणत, "मोडू दे, मान तर शाबूत आहे." दोर खुंटीवर नुसता लटकत राहिला. मावशी म्हणाली, "गिऱ्हाईक तुटलं, मुकादम. दुकान बंद करायला लागणार."

तेविसाव्या दिवशी साहेब आले. कुणा बड्या माणसाची बुटकी, महागडी गाडी खालून घासली होती, आणि त्यानं थेट वरपर्यंत तक्रार नेली होती.

"परवानगी कुणाची घेतलीत?"

"कुणाची नाही. पण साहेब, बावीस दिवसांत..."

"बावीस दिवसांत काही झालं नाही, म्हणजे तिथे गतिरोधकाची गरज नाही, असं वरचे म्हणणार. मी वाद घालून आलोय, मुकादम. उद्या याच्यावरून एखादा मोटारसायकलवाला उडाला तर तुम्ही आणि मी दोघंही जाऊ." त्यांनी आदेशाचा कागद पुढे केला. "उखडून टाका."

मुकादमांनी कागद घेतला. त्यांना रडू येत होतं आणि साहेबांना दरीत ढकलून द्यावंसंही वाटत होतं. दोन्हीपैकी काहीच त्यांनी केलं नाही. नोकरी ती नोकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुदळी, पहारी काढायला लावल्या.

रस्त्यावर खोदकाम करायचं तर दोन्ही बाजूंना 'काम चालू आहे' अशा पाट्या, रस्त्यात पिंपं, आणि लाल झेंडी घेऊन एकेक माणूस, हा नियमच आहे. मावशी वर झेंडी घेऊन उभी राहिली, धाकटा खाली. मुकादम आणि थोरला खणू लागले. आपण घातलेलं आपणच उखडताना प्रत्येक घाव त्यांना लागत होता. घाव घालताना ते तोंडानं साहेबांचा, बुटक्या गाडीवाल्याचा आणि विमानचा उद्धार करत होते. दुपारपर्यंत हातभर तुकडा निघाला. पाणी प्यायला बसले तेव्हा मावशी आली.

"मुकादम, एक बघितलं का? गतिरोधकावरून लोक हळू जायचे. झेंडीला तर थांबतातच. त्या विमानालासुद्धा मी उभं केलं. पाच मिनिटं! तोंड असं झालं होतं त्याचं."

"काम चालू असलं की थांबावंच लागतं," मुकादम म्हणाले. "नाही थांबला तर दंड आहे."

"तेच म्हणते मी. काम चालू असलं की."

मुकादमांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. खिशातून आदेश काढून परत वाचला. उखडून टाका, असं होतं. कधीपर्यंत, ते लिहायला कचेरी विसरली होती.

त्या दिवसापासून मुकादमांचं काम बिघडलं. सकाळी दोन घमेली निघत. दुपारी कुदळीचा दांडा सैल होई. संध्याकाळी उघडा खड्डा वाहनांना धोकादायक, म्हणून नियमानुसार तो खडीनं भरून, चोपून घेतला जाई. सकाळी तीच खडी पुन्हा निघे. थोरला म्हणाला, "मुकादम, असं तर माझ्या नातवाच्या लग्नापर्यंत चालेल." त्याचं स्वतःचंच लग्न अजून व्हायचं होतं.

साहेब एकदा बघून गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा काम आणखी हातभर सरकलं होतं. "मुकादम, हे एका दिवसाचं काम आहे."

"दगड कठीण आहे, साहेब."

"डांबर तुम्हीच घातलंत ना?"

"म्हणून तर कठीण आहे. आम्ही काम पक्कं करतो."

साहेबांनी खाली दरीकडे पाहिलं, पांढऱ्या गाडीचा सांगाडा अजून टप्प्यावर पडलेला होता. तसेच परत गेले. दुसरी माणसं पाठवावीत तर त्यांच्याकडे नव्हती, निम्म्या जागा रिकाम्याच होत्या. पण वरून विचारणा होत होती, आणि तिसऱ्यांदा आले ते मेमो घेऊनच. 'कामात हेतुपुरस्सर दिरंगाई. काम अपूर्ण. वार्षिक वाढ रोखण्यात येत आहे.'

"सही करावी लागेल," साहेब हळूच म्हणाले. "आज संपवलंत तर हा कागद मी फाडतो."

मुकादमांनी सही केली. 

घरी जाऊन त्यांनी तो कागद लेकीपुढे टाकला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "एकतीस वर्षं," एवढंच म्हणाले. "एकतीस वर्षं कुणी बोट दाखवलं नाही. आता कामचुकार म्हणून निवृत्त होणार तुझा बाप."

लेकीनं कागद दोनदा वाचला.  मग ती स्वयंपाकघरात गेली आणि आईला मदत करू लागली. मुकादमांना वाटलं, तिलाही लाजच वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी मावशीला ताप आला होता, म्हणून वरची झेंडी मुकादमांनीच धरली. आठाच्या आधी विमान आलं. झेंडी बघून करकचून थांबलं. जीप भरलेली होती. पुढे बसलेला, घाटातून हल्लीच ये-जा करू लागलेला एक माणूस खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अहो, दोन महिने बघतोय, एवढ्याशा खड्ड्याला किती दिवस? फुकटचा पगार खायची सवय लागलीय तुम्हा लोकांना!"

जीपमधली दोघं-तिघं हसली. विमानही हसला. मुकादमांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मागच्या रांगेत लेक बसली होती, तिच्याकडे बघायची त्यांची छाती झाली नाही. सांगता आलं असतं. सगळं सांगता आलं असतं, आणि मग दुसऱ्या दिवशी ते कचेरीत पोचलं असतं. त्यांनी झेंडी तशीच वर धरली.

"ते माझे बाबा आहेत," लेकीचा आवाज आला. चढलेला, कापरा. "आणि जन्मात त्यांनी हे एकच काम अर्धवट ठेवलंय. तुम्ही सगळे धड पोचावेत म्हणून."

 विमाननं एकदा मुकादमांकडे बघितलं, एकदा दरीकडे, आणि मान खाली घातली.

खालून धाकट्याची शिट्टी आली. मुकादमांनी झेंडी खाली केली. विमान पहिल्या गियरमध्ये, पिंपांच्या मधून, चालत्या माणसाच्या वेगानं वळणावरून गेलं. मुकादम ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. राग गेला नव्हता. उद्या पुन्हा यांना असंच थांबवावं लागणार, परवाही, आणि जो हळू जायला सांगेल त्यालाच कामचुकार म्हणणार, या विचारानं तो उलट वाढलाच होता. त्यांनी डोळे बाहीनं पुसले आणि थोरल्याला हाक मारली.

"चल रे. दोन घमेली काढ. तिसरं काढलंस तर बघ."