टेबलावरचा फोन

विजयालक्ष्मी मॅडमना माणसाशी बोलायची रीत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. दिल्लीत आर. के. पुरममध्ये माझी नात समता ज्या शाळेत जाते, तिथल्या त्या व्हाइस प्रिन्सिपल. समोर माझ्या वयाचं माणूस उभं असलं तरी बाई कागदातून डोकं वर काढत नाहीत. बसा म्हणत नाहीत. आपण बोलायला सुरुवात करावी, तर आपलं वाक्य त्याच पुरं करतात आणि नेमकं आपल्याला नको तसं करतात. मोठमोठ्या हुद्द्यावरचे बाप त्यांच्यासमोर शर्टाची बटणं चाचपतात. मी मात्र कोणाला भ्यायले नाही. माझे यजमान बाबुराव होते तेव्हा त्यांचे साहेब घरी चहाला यायचे, त्यांनाही मी चप्पल दाराबाहेर काढायला लावत असे.

एक गोष्ट मात्र मॅडमची मला पहिल्यापासून पटली होती. त्यांनी शाळेत फोन बंद केले. झालं असं की एक मुलगी जिन्यावरून घसरून पडली, आणि तिला हात द्यायचा सोडून पोरांनी तिचा व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत यायला तयार नाही. मग पालकांची मीटिंग झाली. एक बाई म्हणाल्या, फोन नसला तर मुलं घरी पोचली की नाही कसं कळणार. एक साहेब म्हणाले, आजकाल अभ्याससुद्धा फोनवरच असतो. मी उठून हिंदीत ठणकावून सांगितलं की आमच्या पोरांना शाळा संपेपर्यंत फोन नव्हता तरी ती घरी येत होती, भूक लागली की आपोआप येत होती. लोक हसले. मॅडमनी फोन बंद म्हणून जाहीर केलं तेव्हा सगळ्यांत मोठी टाळी माझी होती.

आणि त्याच दिवशी आमच्या समताच्या कुर्त्याच्या खिशात फोन होता. मीच ठेवायला लावलेला.

समताला साखरेचा आजार आहे. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे. हा लहानपणीच होतो, गोड खाल्ल्यानं होत नाही आणि पथ्यानं जात नाही. साखर उतरवायच्या सुया रोज टोचून घ्याव्या लागतात. साखर वाढली तर वाईटच, पण एकदम उतरली तर फार वाईट. हात थरथरतात, घाम फुटतो, पोरगी बडबडायला लागते आणि वेळेत गोड पोटात गेलं नाही तर बेशुद्ध पडते. तिच्या दंडावर एक बटणासारखं यंत्र चिकटवलेलं असतं. ते साखरेचा आकडा तिच्या फोनवर पाठवतं आणि तिच्या फोनवरून तो माझ्या फोनवर येतो. आकड्याच्या बाजूला बाण असतो. मी चौथीपर्यंत शिकले, इंग्रजी मला येत नाही, पण आकडा कळतो आणि बाण वर चालला की खाली तेही कळतं. माझा मुलगा प्रफुल्ल केंद्राच्या मंत्रालयात असतो, सून क्रांती गुरुग्रामच्या कंपनीत. दोघं सकाळी मेट्रो पकडतात. दिवसभर बाणावर नजर माझी.

आता कोणी विचारेल, मग शाळेला सरळ सांगायचं होतं. सांगायचं नव्हतं. दिल्लीत आपली माणसं थोडी, ती भीमजयंतीला भेटतात, विहारात भेटतात, लग्नात भेटतात. आर. के. पुरममध्ये कोणाला शिंक आली तर संध्याकाळपर्यंत नागपूरला कळतं. पुढच्या ब्लॉकमधल्या लताताईंची नात त्याच शाळेत. उद्या समताचं बघायची वेळ आली की लोक तिचं शिक्षण विचारणार नाहीत, ती पोरगी सुया घेते ना, एवढंच विचारतील. म्हणून मी घरात सांगून ठेवलं होतं, ही गोष्ट बाहेर जाणार नाही. क्रांतीला ते पटलं नव्हतं. पटलं नव्हतं तरी ती गप्प बसली, कारण मी गप्प बसवलं. समता मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन सुई टोचून घ्यायची आणि मैत्रिणींना सांगायची, पोट बरं नाही.

सहामाही परीक्षेच्या सकाळी मला शाळेतून फोन आला. मॅडम स्वतः. "आपकी पोती के पास एग्ज़ाम में फोन मिला है। आ जाइए।" नमस्ते नाही, काही नाही.

मी पातळ बदललं आणि ऑटो केला, गुडघ्यांमुळे मला जवळचंही चालवत नाही. वाटेत शब्द जुळवत होते. पोरगी कॉपी करणारी नाही, आमच्या घरात तसली रीत नाही, हे आधी. मग मायेचे दोन शब्द. ऑटोत बसल्या बसल्या फोन उघडला, तर आकड्याच्या जागी नुसती रेघ. बाणही नाही. मला वाटलं, नेट गेलं असेल.

मॅडमच्या खोलीत गेले. डोकं वर नाही, बसा नाही. मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी सांगितलं की परीक्षेच्या आधी झडती घेतली, सगळ्यांची दप्तरं वर्गाबाहेर ठेवली, समताच्या खिशात फोन सापडला. तो कपाटात आहे. पेपर तिला लिहू दिलाय, पण परीक्षेत फोन म्हणजे काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल. मी म्हटलं, तिचे आईबाप दूर कामाला, पोरगी एकटी घरी येते, काळजी वाटते म्हणून मी दिला होता.

"तुमचं क्वार्टर शाळेच्या मागच्या गल्लीत आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि त्या दिवशी मीटिंगमध्ये टाळी वाजवणाऱ्या तुम्हीच ना?"

मला राग आला. उत्तर तयार होतं, तिखट होतं. पण तेवढ्यात माझं लक्ष मांडीवरच्या फोनकडे गेलं. अजून रेघच. मॅडमच्या टेबलावरच्या फोनवर व्हॉट्सॲपचे मेसेज धडाधड येत होते, म्हणजे नेट गेलं नव्हतं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन कपाटात आणि पोरगी वरच्या मजल्यावर, तर आकडा येणार कुठून? तिची ग्लुकोजची गोड पावडर दप्तरात, दप्तर वर्गाबाहेर. सकाळी परीक्षेच्या भीतीनं तिनं पोळी अर्धीच खाल्ली होती आणि सुई मात्र पूर्ण पोळीच्या हिशेबानं घेतली होती. आणि काही झालं तर कोणाला सांगायचं नाही, हे तर तिला माझंच सांगणं.

मी मॅडमना सगळं सांगितलं. शब्द जुळवलेले नव्हते, कसे आले तसे सांगितले. आजाराचं नाव मला नीट घेता येत नाही, मी दंडाला हात लावून दाखवलं, फोनवरची रेघ दाखवली.

मला वाटलं, बाई आता कागद मागतील, डॉक्टरची चिठ्ठी मागतील. त्यांनी काहीच मागितलं नाही. किल्ली काढली, कपाट उघडलं, समताचा फोन घेतला आणि पळाल्या. साडी एका हातात वर धरून, शिपायांच्या देखत, जिन्यावरून पळाल्या. मी माझे गुडघे घेऊन मागून. वर पोचण्याआधीच मला तो आवाज ऐकू आला. यंत्राच्या जवळ जाताच फोन ओरडायला लागला होता.

समता बाकावर डोकं टेकून बसली होती. पेपरवर देखरेखीला असलेले सर सांगत होते की ही मघापासून झोपतेय, दोनदा हटकलं. केस घामानं कपाळाला चिकटलेले. मला पाहून ती म्हणाली, आजी, मी कोणाला नाही सांगितलं.

ते ऐकून माझं काय झालं ते मी लिहीत नाही.

दप्तरांच्या ढिगात तिचं दप्तर कोण शोधत बसणार. मॅडमनी स्टाफरूममधून चहाची साखर मागवली, पाण्यात ढवळली आणि जमिनीवर बसून पोरीला घोट घोट पाजली. मी सांगत होते, अजून द्या, आता थांबा, आता बाण बघा. त्या माझं ऐकत होत्या. वाक्य एकदाही तोडलं नाही. बाण आडवा झाला, मग वर वळला. समताच्या तोंडावर रंग आला आणि तिनं पहिली गोष्ट विचारली ती पेपरची. मॅडम म्हणाल्या, गेलेला वेळ मी तुला देईन, आधी बिस्किट खा.

पोरगी परत लिहायला बसल्यावर मात्र व्हरांड्यात त्यांनी मला धरलं. आवाज हळू, पण असा की मी तरुणपणी सासूकडूनही ऐकला नसेल. फोन खिशात ठेवून तुम्हाला काय मिळालं, म्हणाल्या. तुम्ही घरी बसून आकडा बघणार, आणि इथे तिच्यापासून हातभर अंतरावर उभ्या माणसाला काही ठाऊकच नाही. पोरगी बाकावर पडली असती तर आम्ही तिच्या तोंडावर पाणी मारत बसलो असतो.

मी म्हटलं, उद्या तिचं लग्न जमवायला तुम्ही येणार नाही.

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी ती उद्या असायला हवी."

मी दारातून आत पाहिलं, पोरगी खाली मान घालून लिहीत होती.

मग मॅडमनीच तोड काढली. समताचा फोन शाळेत येईल, पण खिशात नाही. ज्या तासाला जे शिक्षक, त्यांच्या टेबलावर तो उघडा राहील, आवाज फक्त त्या एकाच गोष्टीचा चालू. परीक्षेतही तसाच. सगळ्या शिक्षकांना त्या स्वतः शिकवतील. मी घाबरत विचारलं, आणि बाकीच्यांना काय सांगाल? त्या म्हणाल्या, शिक्षकांना कळलंच पाहिजे. त्यापलीकडे तुमच्या नातीची गोष्ट ती सांगेल तेव्हा, मी नाही.

घरी आल्यावर क्रांतीनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता माझी पाळी. तिनं फक्त माझ्या हातातून पाण्याचा ग्लास घेतला, खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, उद्यापासून मी निर्धास्त कामाला जाईन." तेवढंच. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून फोन टेबलावर आहे. आता माझ्या आधी शाळेतून आकडा बघितला जातो. एकदा बाण खाली वळलेला पाहून मी चप्पल घालेपर्यंत तो परत वर यायला लागला, कारण गणिताच्या सरांनी तिला आधीच टॉफी दिली होती. त्या दुपारी मी कितीतरी महिन्यांनी जेवून आडवी झाले आणि खरंच झोप लागली. ज्या घरात असा आजार नाही त्यांना या झोपेची किंमत समजणार नाही, आणि समजूही नये.

परवा रिझल्टच्या दिवशी पुन्हा पालकांची मीटिंग झाली. हॉल भरलेला. एक गृहस्थ उठले. त्यांच्या मुलाचा फोन शाळेनं महिनाभर ठेवून घेतला होता. ते म्हणाले, आमच्या पोराला एक कायदा आणि दुसऱ्याला एक? नववीच्या वर्गात एका मुलीचा फोन रोज टेबलावर असतो, परीक्षेतसुद्धा. तिच्यावर ही मेहेरबानी का? मागून दोनचार जण बोलले, बिल्कुल, बिल्कुल. वशिल्याचं राज्य चाललंय, असं कोणीतरी म्हणालं. समता माझ्या शेजारी बसली होती, तिनं ओढणी दंडावर ओढून घेतली.

मॅडम उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तर तो माणूस खाली बसला असता. त्या म्हणाल्या, "निर्णय माझा आहे, कारण मी सांगणार नाही. तक्रार करायची तर माझ्या नावानं करा." गृहस्थ म्हणाले, करणारच. आणि ते कागद काढून तिथेच लिहायला लागले.

जी बाई कोणाचं अर्धं वाक्य सहन करत नाही, ती माझ्या घराच्या गोष्टीसाठी भरल्या हॉलमध्ये बोलणी खात उभी होती. मी समताकडे पाहिलं. पोरीनं दंडावरची ओढणी बाजूला केली आणि होकाराची मान हलवली.

मी उठले. दोन रांगा पुढे लताताई बसल्या होत्या, त्यांनी वळून पाहिलं. बघू दे, म्हटलं. आधी त्या गृहस्थांना सांगितलं की ती मुलगी माझी नात, तिला साखरेचा आजार आहे, तो फोन तिचं औषध आहे. तुमच्या मुलाला असं काही असेल तर त्याचाही ठेवा टेबलावर, आणि नसेल तर हात जोडा आणि घरी जा. मग मी मॅडमकडे वळले. जे बोलले ते हिंदीत बोलले, पण अक्षर अन् अक्षर हेच:

"मॅडम, तुम्हाला गोड बोलता येत नाही, आणि आता या वयात शिकूही नका. गोड बोलणारे मी पुष्कळ पाहिले, माझ्या नातीसाठी जिन्यावरून पळालात त्या तुम्हीच. फोन बंद केलात ते बरोबर केलंत, आणि तिचा टेबलावर ठेवलात तेही बरोबर केलंत. कोणी कितीही कागद लिहू देत, यातलं काही बदलायचं नाही. आणि तुमची बदली झाली तर आधी मला सांगा, मी ज्यांनी केली त्यांच्या दारात जाऊन बसते. माझी पोरगी तुमच्यामुळे आहे. आता बसा खाली, मघापासून उभ्या आहात."