एक ते तीन

माझा उजव्या खुब्याचा सांधा बदलला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्याबरोबर माझी अक्कलही काढून नेली असं माझ्या मुलीला वाटतं. "आई, वय बाहत्तर. आता सायकल पुरे," हे गेसीनचं दोन वर्षांचं पालुपद. शेवटी मार्चमध्ये मी वैतागून म्हटलं, "मायसेनहून विटेनबर्गपर्यंत एल्ब नदीच्या काठाने एकटी जाते. वाटेत तीन रात्री, माझा तंबू मीच लावणार. एक जरी रात्र चुकली तर सायकल तुझी, खुशाल विकून टाक." तिने लगेच हात पुढे केला. पोरगी माझीच आहे.

दोन रात्री बिनबोभाट गेल्या. तिसऱ्या दिवशी मात्र तोरगाऊ गावापासून वारा समोरून आला तो हटेचना. बांधावरून पाय मारतेय, मारतेय, आणि शेजारून नदी आरामात पुढे चाललीय. असा राग आला तिचा! एकला दहा मिनिटं कमी असताना मी तंबूतळाच्या फाटकाशी उतरले तेव्हा खुबा नुसता ठणकत होता. पुढचा तळ थेट विटेनबर्गला, पंचवीस किलोमीटर. ते आज माझ्याच्याने होणार नव्हतं, हे मी मनातल्या मनात कबूल केलं. मोठ्याने नाही.

"जागा नाही," खिडकीतला लोबेक म्हणाला. तळाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. "पाण्याकाठी एकच उरलीय, ती राखून ठेवलीय. रीडेल. कॅराव्हॅन."

रीडेल! माझ्या जावयाचं आडनाव. टॉर्स्टेनने गेल्याच महिन्यात गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, नवी कोरी कॅराव्हॅन, घेतली होती. आत माझ्यासाठी गादी अंथरलेली असणार, मागे सायकल अडकवायचा सांगाडासुद्धा. तंबूला जागा नाही म्हणून मी त्या गादीवर झोपले की रात्र चुकली, सायकल गेसीनची! उद्या विटेनबर्गला भेटायचं ठरलं होतं, पण बाईसाहेब एक दिवस आधीच निघाल्या होत्या. मुक्काम कुठे ते काल फोनवर मीच बडबडले होते. माझं मेलीचं तोंड!

डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात खिडकीवरची पाटी दिसली. दुपारी एक ते तीन विश्रांती. गाडी आत-बाहेर नाही, ठोकाठोक नाही, मोठ्याने बोलणं नाही. आणि खाली बारीक अक्षरात, राखलेली जागा एक वाजेपर्यंतच धरली जाईल.

"लोबेक, ही पाटी तुमचीच ना?"

"वीस वर्षं झाली."

"मग मी इथेच उभी राहते."

आठ मिनिटं उभी राहिले. चर्चमध्ये एकचा ठोका पडला. लोबेकने रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फाटकाचा दांडा खाली केला आणि जागेची चिठ्ठी माझ्या हातात दिली. "सायकल हाताने न्या. आवाज नको."

तीन मिनिटांनी पांढरीशुभ्र कॅराव्हॅन दांड्यापुढे येऊन थांबली. गेसीन उतरली. हातात बेकरीचा खोका.

"आई!"

"श्श. एक वाजून गेलाय."

"तू आत कशी?" तिने आवाज खाली आणला.

"चालत. आणि तुम्ही बाहेर कशा, गेसीनबाई?"

"केकसाठी थांबलो. आलुबुखारचा, तुझ्या तीनच्या कॉफीसाठी! रांग होती."

मी हसले. काय करू? टॉर्स्टेन स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. जावईबापू असल्या वेळी नेहमीच समोर बघतात.

दांड्याखालून वाकून गेसीन माझ्यामागे पाण्यापर्यंत आली. "काल फोनवर तू विव्हळत होतीस," ती कुजबुजली.

"जांभई देत होते."

"खोटं बोलू नकोस! एकटी कुठे पडलीस तर कळणार कुणाला?"

"तू घाबरतेस, कळतं मला," मीही कुजबुजले. "पण तुझी भीती जावी म्हणून मी खुर्चीत बसून मरू? आणि जागा काय अडवतेस चोरासारखी! लाज नाही वाटत?"

"वाटते!" ती ओरडली.

"श्श!" शेजारच्या कुंपणामागून आरामखुर्चीतले एक आजोबा उठून बसले. आम्ही दोघींनी माफी मागितली. भांडण पुन्हा कुजबुजत सुरू झालं.

"तीनला दांडा वर जाईल," गेसीन म्हणाली. "तोवर तंबू नीट लागला नसेल तर तू कॅराव्हॅनमध्ये झोपायचंस."

"कबूल."

ऑगस्टची जमीन, वाळून दगड झालेली, आणि हातोडी चालवायची बंदी. मी खुंट्या टाचेने दाबू लागले. पाच गेल्या. प्रत्येक खुंटी टेकवायला गुडघ्यावर बसायचं आणि सायकलीला धरून उठायचं. तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आलं, म्हणून नदीकडे तोंड केलं. सहावी, वाऱ्याकडची, काही केल्या आत जाईना. वाऱ्याचा झोत आला आणि तंबूचा खांब कलला. गेसीन झेपावली.

"हात लावायचा नाही!"

ती जागच्या जागी थांबली. रडत होती. वाईट वाटलं, पण हात मी लावू दिला नाही. ओझ्याच्या पिशव्यांसकट सायकल आडवी घातली, दोरी तिच्या दांडीला बांधली आणि ताणली. खांब सरळ उभा राहिला.

"सायकलीला बांधलेला तंबू चालत नाही," गेसीन म्हणाली.

"तीन वाजेपर्यंत चालतो."

मग आम्ही दोघी गवतावर बसून राहिलो. तिने माझा खुबा हळूच चोळला, आणि तेवढं मी चोळू दिलं.

चर्चमध्ये तीन वाजले. तिसरा ठोका विरायच्या आत माझी हातोडी बाहेर आली होती. सहाव्या खुंटीवर मी असे घाव घातले की आरामखुर्चीतले आजोबा कुंपणाशी येऊन बघू लागले. खुंटी गेली. दोरी सायकलीवरून सोडून खुंटीला अडकवली, सायकल उचलून उभी केली.

दांडा वर गेला. टॉर्स्टेनने गाडी सुरू केली, तसा लोबेक खिडकीतून हात हलवत म्हणाला, "जागा नाही!"

"आम्ही आता जायचं कुठे?" गेसीन म्हणाली.

"विटेनबर्गला. मी उद्या येतेच," मी म्हटलं. "वारा समोरून आहे, सावकाश चालवा. आणि केक ठेवून जा."