गॅरेजमधला पेशंट

"आई, हात नको लावूस! दोनशे तीस व्होल्ट आहेत त्यात!"

मनोरमाबाईंनी हात लावलाच नव्हता. त्या नुसत्या वाकून बघत होत्या. पण जे दिसलं, त्याने त्यांचं डोकं सटकलं होतं.

"आधी प्लग काढ."

"अगं, पण..."

"प्लग!"

प्रसन्नने निमूट प्लग काढला. चाळिशी ओलांडलेला माणूस, वेलिंग्टनच्या ऑफिसात बारा जणांचा बॉस, पण आईचा हा आवाज आला की हात आपोआप चालतात.

वेलिंग्टनजवळच्या लोअर हट या उपनगरातल्या त्याच्या घराला लागूनच गॅरेज होतं आणि गॅरेजात एक जुना फ्रीज. फ्रीजमध्ये झाकण लावलेली पांढरी बादली, तिच्यात तेवीस लिटर बिअर आंबत होती. बाजूला प्लायवूडच्या तुकड्यावर लाल आकड्यांचं एक इवलंसं यंत्र स्क्रूने बसवलेलं, आणि त्यातून वायरी अशा बाहेर आल्या होत्या जणू कुणी त्याचं पोट फाडलंय. बिअर फार गार झाली तर हीटिंग पॅड चालू करायचं, फार तापली तर फ्रीज चालू करायचा, एवढंच त्या यंत्राचं काम. कागदावर सोपं. पण प्रसन्नच्या मागच्या दोन बॅच वाया गेल्या होत्या. एकीला नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास, आणि दुसरी थंडीने जी गप्प झाली ती झालीच.

"ही हिरवी वायर कुठे जाते?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"ती अर्थची. एक्स्ट्रा होती गं. बसत नव्हती, म्हणून कापली."

"एक्स्ट्रा? बाळाला टोपी बसली नाही तर डोकं कापशील का रे त्याचं? पत्र्याचा फ्रीज, खाली ओली फरशी, आणि तू अर्थिंग कापलंस! आणि वर मलाच सांगतोस हात लावू नकोस!"

"आई, चिल. युट्यूबवर बघून केलंय."

"आणि हा सेन्सर इथे दारापाशी का लोंबतोय?"

"टेम्परेचर मोजायला."

"कुणाचं? वॉर्डातल्या हवेचा ताप घेतोयस तू. पेशंटच्या काखेत लाव की! बादलीला चिकटव, वरून कापड गुंडाळ. हवा दोन मिनिटांत गार होते, बादलीला तास लागतो. म्हणून तर तुझं यंत्र वेड्यासारखं चालू-बंद, चालू-बंद करतंय."

प्रसन्न हसला. अगदी प्रेमाने हसला, आणि तेच जास्त लागलं. "आई, हे इडलीचं पीठ नाहीये."

आता सांगा! एकतीस वर्षं मनोरमाबाई भोर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात सिस्टर होत्या. तिथला लसींचा फ्रीज त्यांच्या ताब्यात होता. दोन ते आठ अंशांच्या मध्ये काटा ठेवायचा, बाहेर मे महिना असो नाहीतर आठ-आठ तास वीज गेलेली असो. सकाळ-संध्याकाळ तपासायचं, रविवारी, दिवाळीत, आणि स्वतःला ताप असतानासुद्धा. एकदा थर्मोस्टॅट गेला तर जिल्ह्याचा मेकॅनिक चौथ्या दिवशी उगवला. तोवर बाईंनी गावभरचा बर्फ गोळा करून चारशे डोस वाचवले होते. मेकॅनिक काम करत होता तेव्हा त्या त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या आणि एकेक वायर विचारून घेतली. पुढच्या वेळी त्यांनी त्याला बोलावलंच नाही. हा प्रसन्न त्याच खोलीत, त्याच फ्रीजला पाठ टेकून पाढे पाठ करायचा. आणि त्याच्या लक्षात काय राहिलं? आई इंजेक्शन द्यायची आणि इडल्या छान करायची!

सोमवारी घर रिकामं झालं. प्रसन्न ट्रेनने ऑफिसला गेला, सून स्वप्ना तिच्या फार्मसीत. मनोरमाबाईंनी ओव्हरकोट चढवला आणि बसने थेट हार्डवेअरचं दुकान गाठलं. झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा, दोन सॉकेट, वायर आवळून धरणाऱ्या क्लिपा, सगळी यादी लिहून नेली होती. काउंटरवरच्या माणसाने मोठ्या मायेने विचारलं, "फॉर युअर हजबंड, लव्ह?"

"नो," बाई म्हणाल्या. "फॉर बिअर."

चार दिवस लागले. प्लग भिंतीतून काढून नजरेसमोर ठेवायचा, मगच स्क्रू फिरवायचा. हिरवी वायर जिथे जायला हवी तिथे गेली. फ्रीज एकदा बंद झाला की पाच मिनिटं चालू होणार नाही असं त्यांनी सेटिंग केलं, नाहीतर कॉम्प्रेसर दमतो. यंत्र डब्यात बंद केलं, डब्यावर दोन सॉकेट बसवली, आणि डोळे मिटूनही चूक होऊ नये म्हणून चिकटपट्टीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं: पॅडच्या सॉकेटवर 'गरम', फ्रीजच्या सॉकेटवर 'गार'.

लाल आकडा अठरावर आला आणि तिथेच बसला. बाहेर दक्षिणेचं बर्फगार वारं दारं हलवत होतं, पहाटे गॅरेज सहा अंशांवर जायचं, पण आकडा हलला नाही. दोन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली तेव्हा प्रसन्न आनंदाने ओरडलाच. "आई, हेव्ही झालीय! थँक्स हां!" आणि बाटली घेऊन आत टीव्हीपुढे गेला.

तेवढ्यावरही त्या खूश होत्या, खरंच. पण बुधवारी संध्याकाळी त्या कणीक मळत असताना प्रसन्नचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. पलीकडे गॅरेथ होता, घरच्या घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबचा सेक्रेटरी.

"येस मेट, बिल्ट इट मायसेल्फ. टुक मी हीप्स ऑफ टाइम. हू, मम?" प्रसन्न मोठ्याने हसला. "नाह, शी कान्ट स्टँड द स्मेल. नेव्हर सेट्स फूट इन द गॅरेज."

मनोरमाबाईंचे हात कणकेतच थांबले. एकतीस वर्षं इंग्रजीत रिपोर्ट लिहिलेत त्यांनी. या पोराला वाटतं काय, आईला इंग्रजी कळत नाही? स्वतः केलं म्हणालास, म्हण. पण आईला वास सहन होत नाही? ज्या बाईने अडलेली बाळंतपणं केली, जखमांतले किडे काढले, तिला म्हणे वास!

त्या रात्रीची पोळी प्रसन्नला जरा करपलेली मिळाली.

गुरुवारी नवी बॅच लागली. शनिवारी बारा वाजता त्या लायब्ररीतून परतल्या तर फोनवर मेसेज होता. "आई, कंट्रोलर क्लबमध्ये दाखवायला नेतोय. चारपर्यंत येतो. बिअरला काही होत नाही."

चालू बॅचवरचं यंत्र! बाई चपला न काढताच गॅरेजात धावल्या. फ्रीजचं दार सताड उघडं, पॅड थंडगार, सेन्सर ओरबाडून काढलेला. थर्मामीटर लावला. साडेसोळा. आणि उतरत होता.

त्या स्वयंपाकघरात आल्या आणि खुर्चीत बसल्या. बिघडू दे, त्या स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या. त्याने केलंय ना स्वतः? मग त्यालाच निस्तरू दे. मी ती बिअर जिभेला लावत नाही, मला काय त्याचं?

पाच मिनिटं बसल्या असतील. रागाने पाय हलत होता. पण बादलीत यीस्टचे जीव होते, कोट्यवधी, आणि त्यांनी कुणाचा काही गुन्हा केला नव्हता. यंत्र कुणी केलं, श्रेय कुणी लाटलं, त्यांना काय ठाऊक? त्यांना अठरा अंश हवे होते. बाईंनी किटली लावली.

गरम पाण्याच्या चार बाटल्या बादलीभोवती उभ्या राहिल्या, वर रजई आली, दार लोटलं गेलं. जास्त तापलं तरी वाईट, म्हणून दर वीस मिनिटांनी बघायचं, एक बाटली काढायची, दुसरी सरकवायची. गुडघे दुखायला लागले तशी त्यांनी दारातलं पायपुसणं गुडघ्यांखाली ओढून घेतलं. सतरा. सतरा पॉइंट चार. मधल्या वेळात त्या प्रसन्नला मनातल्या मनात जे जे बोलल्या, ते छापण्यासारखं नाही.

सव्वाचारला गाडी थांबली. प्रसन्न डबा घेऊन आत आला आणि त्याच्या मागून एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस, हातात वही.

"किया ओरा!" तो माणूस हसून तिथला नमस्कार करत म्हणाला. "आय्म गॅरेथ."

"आई? तू इथे काय करतेयस?" प्रसन्न गडबडला. "हा फक्त बघायला आलाय, फ्रीजला कसं जोडतात ते."

"ड्युटी करतेय," बाई म्हणाल्या. "जोड ना. दाखव त्याला."

प्रसन्नने डबा फ्रीजवर ठेवला. आणि बाईंना दिसलं. दोन्ही सॉकेटच्या वर 'गरम'ही नव्हतं आणि 'गार'ही नव्हतं. चिकटपट्ट्या नखाने खरवडून काढल्या होत्या. त्यांच्या जागी दोन चौकोनी, चिकट डाग उरले होते.

"विच इज विच, प्रॅस?" गॅरेथने प्रसन्नला विचारलं.

प्रसन्नने आळीपाळीने दोन्ही डागांकडे बघितलं. मग फ्रीजचा प्लग एकात खोचला, पॅडचा दुसऱ्यात, आणि मेन चालू केलं. बिअर अठराला अजून पोचली नव्हती. तरीही पॅड थंडच राहिलं, आणि फ्रीज घुरघुरायला लागला.

गॅरेथने फ्रीजकडे बघितलं. मग प्रसन्नकडे. प्रसन्नचे कान लाल झाले होते.

बाईंना बोलायला वेळच नव्हता, पेशंट गार पडत होता. त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठत मेन बंद केलं, दोन्ही प्लग उपसले, अदलाबदल करून परत बसवले. सेन्सर बादलीला टेकवला, अंगठ्याने दाबून धरला आणि मागे न बघता तळवा पुढे केला. प्रसन्नने टेपचा तुकडा तोडून तळव्यावर ठेवला. तळवा परत पुढे आला. त्याने आणखी एक ठेवला. मेन चालू झालं. पॅडचा दिवा लागला, फ्रीज गप्प बसला.

"शी मेड इट," प्रसन्न म्हणाला. इतक्या हळू की त्याचं त्यालाच ऐकू आलं असेल. मग घसा खाकरून पुन्हा, "मम मेड इट. ऑल ऑफ इट."

प्रसन्नकडून लिहून घेतलेली वहीतली दोन पानं गॅरेथने उलटली, कोरं पान काढलं, कोपऱ्यातली क्रेट ओढली आणि प्रसन्नकडे पाठ करून बाईंसमोर बसला.

"राइट," तो म्हणाला. "फ्रॉम द स्टार्ट, प्लीज. अँड युअर नेम?"

मनोरमाबाईंनी एक बोट वर केलं.

"वन मिनिट," त्या म्हणाल्या, आणि आधी थर्मामीटर वाचायला वाकल्या.