तय्यब मिस्त्री वेल्डिंग मारत नाही

तत्त्वासाठी माणसाने घरदार पणाला लावावं, असं तय्यब मिस्त्रीचं ठाम मत होतं. त्याचं तत्त्व रबराचं होतं. जाडी अर्धं बोट, आणि तेही जागोजागी फाटलेलं.

हे रबर अण्णारावांच्या ट्रकच्या डॅम्परमध्ये होतं. डॅम्पर म्हणजे इंजिनच्या तोंडाशी, क्रँक नावाच्या फिरत्या दांड्याच्या टोकावर बसवलेलं जड लोखंडी चाक. आत एक कडं, बाहेर एक कडं, मध्ये रबराची पट्टी. डिझेल इंजिन चालताना क्रँकला पिळत राहतं आणि तो पीळ हे रबर सोसतं. घरातल्या सोसणाऱ्या माणसाकडे जसं कुणी बघत नाही, तसं त्याच्याकडेही कुणी बघत नाही. बघायचंच झालं तर अमावास्येला. गाडीची पूजा करण्याआधी ड्रायव्हर भागवत डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने सगळं इंजिन चकाचक पुसायचा. डॅम्परला दोनदा, कारण लिंबू नेमकं त्याच्या समोर लटकायचं. रबराला डिझेल चालत नाही. नऊ वर्षांच्या अमावास्यांनी ते फुगलं, मऊ पडलं आणि शेवटी सुटलं. देवाची त्यात काही चूक नव्हती.

गाडी थरथरायला लागली तेव्हा भागवतने ती नांदेडला, मुदखेड रोडवरच्या तय्यबच्या गॅरेजात आणून उभी केली. तय्यबने दोन्ही कड्यांवरून खडूची एक सरळ रेघ ओढली आणि इंजिन चालू करायला सांगितलं. दोन मिनिटांनी बंद केलं, तर रेघेचे दोन तुकडे झाले होते आणि त्यांच्यात चार बोटांचं अंतर पडलं होतं.

"बाहेरचं कडं सुटलं. नवा डॅम्पर लागतो," तय्यब म्हणाला.

"नवा कशाला?" अण्णाराव म्हणाले. अर्धापूरला त्यांचा केळीचा धंदा, चार ट्रक, आणि चारही ट्रक बावीस वर्षांपासून तय्यबकडे. "दोनी कडे वेल्डिंगनं जोडून टाका. रबराचा झंझटच नको."

अण्णाराव काही वेगळं सांगत नव्हते. सगळ्या रस्त्यावर हीच रीत होती. डॅम्पर सुटला की सहा टाके मारायचे, गाडी चालू. मग पीळ सोसायला कुणी उरत नाही आणि पुढे कधीतरी क्रँक तुटतो; पण तोवर दोष द्यायला खड्डा असतो, जादा माल असतो, ड्रायव्हर तर असतोच.

"मी वेल्डिंग मारत न्हाई."

"मारत होते की. बारा सालाखाली माझ्याच गाडीला मारली."

मारली होती. सात महिन्यांनी लोह्याच्या अलीकडे त्या गाडीचा क्रँक मधोमध तुटला आणि इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर आला. अण्णारावांनी त्याच आठवड्यात ड्रायव्हर मलप्पाला कामावरून काढलं. तुटलेला क्रँक तय्यबनेच उचलला, कुठे आणि का तुटला ते बघितलं. "ड्रायव्हरनं ताणली असंल गाडी," असं कुणीतरी म्हणालं तेव्हा तो खाली मान घालून पाना पुसत राहिला. खरं सांगितलं तर अण्णारावांचे ट्रक जाणार, आणि त्यांच्यामागून मिस्त्री हे नावही जाणार. घरी बायकोला, सुलतानबीला, तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "हो गया सो हो गया. किसीकू नक्को बोलो."

तो बोलला नाही. त्याने एक पाटी रंगवून घेतली: 'येथे डॅम्परला वेल्डिंग मारून मिळणार नाही.' कुणी कारण विचारलं की तो पाटीकडे बोट करायचा.

अण्णारावांनी पाटी वाचली. "पाटी मला कळती. कारण काय?"

"तेच कारण."

"बरं. तुमी नका मारू. सकाळी संगप्पा येईल मशीन घेऊन. तुमी नुसता डॅम्पर काढून ठेवा."

संगप्पा वेल्डरचं दुकान समोरच्याच बाजूला होतं. वेल्डिंग सोडली तर तय्यबने सांगितल्या कामाला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याने पट्टे उतरवले, मधला बोल्ट सोडला, पुलर लावून हळूहळू डॅम्पर ओढून काढला. हातोडा लावला नाही. आणि सकाळी सहाला तो डॅम्पर गोणपाटात बांधून लातूरच्या एसटीत बसला.

शेजारी केवळाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या आजी होत्या, लेकीकडे चाललेल्या. त्यांनी गोणपाट दाबून पाहिलं.

"काय हाय रं बाबा? जातं?"

"इंजिनाचं हाय, आजी."

"मग मांडीवर काहून घेतलं? इंजिनात ठिव."

लोहा मागे पडलं आणि फोन वाजला.

"मिस्त्री, कुठं हाव?" अण्णाराव.

"लोह्याच्या पुढं."

"आन् डॅम्पर?"

"मांडीवर हाय."

"मजाक करून राहिले का?"

"न्हाई. लई जड हाय."

पलीकडून संगप्पाचा आवाज आला, "मालक, मी मशीन लावून बसलो. दुसरं काही जोडायचं हाय काय?"

"मी चोरीची केस करीन तुमच्यावर," अण्णाराव म्हणाले.

"करा. ठाण्यात काय चोरीला गेलं ते समजावून सांगा. त्यांना समजंपर्यंत मी वापस येतो."

अहमदपूरपर्यंत फोन आणखी पाच वेळा आला. तय्यबने उचलला नाही. एवढ्या वर्षांत त्याने अण्णारावांचा फोन पहिल्यांदाच वाजू दिला होता, आणि प्रत्येक वेळी एक एक ट्रक हातातून जाताना त्याला दिसत होता. पाचव्या वेळी तर ट्रकही संपले होते. तरी त्याने उचलला नाही.

लातूरला दुकानदाराने जुना डॅम्पर मापून तसाच नवा काढून दिला. तय्यबने रबरावरून बोट फिरवलं, उन्हात धरून कुठे तडा नाही ना ते पाहिलं आणि चहासुद्धा न घेता परतीची गाडी धरली.

चार वाजता तो गॅरेजात शिरला तेव्हा अण्णाराव त्याच्याच खुर्चीत बसले होते. संगप्पा मशीनवर. भागवत टायरवर.

"आले लातूरकर," संगप्पा म्हणाला. "तय्यबभाई, मी काय तुमच्या पोटावर वेल्डिंग मारत होतो?"

"तू गप ऱ्हा," अण्णाराव म्हणाले. "मिस्त्री, एकच सांगा. काहून? आन् पाटी नका दाखवू."

तय्यबने गोणपाट खाली ठेवलं. तो उभाच राहिला.

"बारा सालाखाली तुमचा क्रँक माझ्या वेल्डिंगनं तुटला. मलप्पानं काही केलं न्हवतं. मला त्याच दिवशी कळलं होतं, मी बोललो न्हाई. आता चारी गाड्या घेऊन जा. पण ही गाडी वेल्डिंग मारून माझ्या दारातून जाणार न्हाई. संगप्पाला मारायची असंल तर आधी मला हलवावं लागंल."

संगप्पाने काळा चष्मा कपाळावर सरकवला. तय्यब वजनाने शंभराच्या आसपास होता.

अण्णारावांनी बराच वेळ तंबाखू मळली.

"बसवा नवा," ते म्हणाले.

तय्यबने क्रँकचं टोक कोरड्या फडक्याने पुसलं, ऑइल सील तपासलं, डॅम्पर खाचेत नीट धरला आणि ठोकाठोकी न करता बोल्टने आत ओढून घेतला. बोल्टही नवा. मापाच्या पान्याने आवळला. पट्टे चढवले. दोन्ही कड्यांवर खडूची नवी रेघ ओढली आणि भागवतला म्हणाला, "दर महिन्याला ही रेघ बघायची. तुटली तर मला फोन. आन् डिझेलचं फडकं हितं लावलं तर तुझा हात काढीन. देवाला साध्या पाण्यानं पुसलेलं इंजिन चालतं."

इंजिन चालू झालं. बोनेटवर ठेवलेल्या कपातला चहा हलला नाही. रेघ जिथल्या तिथे होती.

"मलप्पाचा नंबर हाय का?" तय्यबने विचारलं. "मला माफी मागायची हाय."

"कशाची?"

"माझ्यापायी तुमी त्याला काढलं."

अण्णारावांनी तंबाखू थुंकली.

"क्रँकसाठी न्हाई काढलं. तो टाकीतलं डिझेल इकून राहिला होता. आदल्या सोमवारीच धरला होता."