दादांचा पाय आणि नवे ब्रेक

आमची ॲम्बॅसिडर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुन्नरच्या मोहनलालशेठकडून घेतली, तेव्हा शेठनी काही लपवलं नव्हतं. आपल्या कापडाच्या दुकानाच्या दारात, गाडीच्या टपावर हात ठेवून ते म्हणाले होते, "धर्माजी, इंजिन वाघ आहे. फक्त थांबायचं असलं, की तिला थोडं आधी कळवावं लागतं."

दादांना वाटलं, शेठ गंमत करतायत. पिंपळवंडीला पोचेपर्यंत कळलं, की ती गंमत नव्हती.

ब्रेकवर पाय ठेवला, की पायडल पार तळाला जायचं आणि गाडी विचार करायला लागायची. मग दादा दणादण तीनचार पंप मारायचे आणि शेवटी सीटवरून अर्धे उठून ब्रेकवर उभेच राहायचे. तेव्हा कुठं ती नाराजीनं थांबायची. वेशीपासूनच हॉर्न सुरू व्हायचा. अंगणात कडब्याची गंज होती, तिच्यात गाडीचं नाक घालून दादा घरी पोचायचे. आई गाडीत बसताना मांडीवर एक धोंडा घ्यायची. गाडी जरा मंदावली, की दार उघडून उतरायची आणि तो चाकाखाली सारायची. बाकीच्या बायका प्रवासाला डबा घेऊन निघत, आमची आई दगड घेऊन.

सत्त्याण्णव सालच्या एका चतुर्थीला आम्ही ओझरला निघालो. पुढं दादा आणि त्यांची थोरली बहीण कोंडाआत्या, मागं आई आणि मी. देवळाकडं उतरताना हॉर्न वाजवून झाला, पंप मारून झाले, दादा उभेही राहिले. पण समोर गंज नव्हती आणि गर्दीत आईला उतरायला जागा नव्हती. गाडी बैलाच्या चालीनं, अगदी सभ्यपणे, भागू नावाच्या दुकानदाराच्या नारळाच्या फळीत शिरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नारळ मात्र सुटले आणि उतारावरून आमच्या आधी दर्शनाला गेले.

"विघ्नहरानं वाचवलं!" दादांनी स्टेअरिंगवरूनच हात जोडले.

"त्याला मधी आणू नका," आई म्हणाली. "त्यो विघ्नं हटवतो. आपली गाडी विघ्न आडवं आलं तरच थांबती. त्यानं तुमचं ऐकलं आसतं, तर आत्ता आपण कुकडी नदीत आसतो."

भागूचे नारळ गोळा करून, त्याच्या शिव्या ऐकून आणि घाईघाईनं दर्शन उरकून आम्ही परत निघालो, तेव्हा आई गाडीत बसेना.

"ब्रेक बदला, न्हाई तर बायको बदला," ती म्हणाली.

दादा विचारात पडले. जरा जास्तच वेळ पडले. मग म्हणाले, "ब्रेकच बदलू."

नारायणगावात भिमाजी नावाचा मिस्त्री होता. गाडी नीट करण्यापेक्षा तिच्याबद्दल बोलण्यात त्याचा जास्त वेळ जायचा. पण या वेळी त्यानं मन लावून काम केलं. पुण्याच्या भंगारातून नव्या बनावटीच्या गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक आणले, सोबत बूस्टर आणला, नळ्या बदलल्या, तेल बदललं. गाडी घ्यायला आम्ही चौघंही गेलो तेव्हा चाकाआडची ती चकचकीत थाळी दाखवून म्हणाला, "सांडशीनं पातेलं धरत्यात ना, तसं आता हे चाक धरणार. आन् बूस्टर म्हणजे तुमच्या पायात दुसरे चार पाय. भाऊ, आता पायाचा अंगठा नुसता दाखवला तरी गाडी हुबी!"

दादांनी मान डोलावली. त्यांच्या कानांनी ऐकलं होतं, पायानं ऐकलं नव्हतं.

गॅरेजातून बाहेर पडलो आणि पहिल्याच वळणावर एक कोंबडी आडवी आली. दादांनी सवयीप्रमाणं अर्धं उठून, सगळ्या ताकदीनं ब्रेकवर पाय मारला. गाडी होती तिथं खिळली. आम्ही नाही खिळलो. मी पुढच्या सीटवर आपटले, आईनं तरीही मांडीवर घेतलेला धोंडा पुढं गेला, आणि कोंडाआत्याची कवळी तोंडातून सुटून काचेवर टाणकन वाजली. कोंबडी रस्त्यात उभी राहून आमच्याकडं बघत होती.

"धर्मा," आत्या बोळक्या तोंडानं म्हणाली, "मला यष्टीत बशीव."

त्यानंतर आमच्या गाडीत बसायला कुणी तयार होईना. पूर्वी ती थांबत नव्हती म्हणून लोक भ्यायचे, आता थांबते म्हणून. दादा रोज ठरवायचे, हळू दाबायचं. आणि रोज लाथ मारायचे. "सवय हाय गं," ते आईला म्हणायचे. "पाय माझं ऐकत न्हाई."

"तुमचं घरात कुणीच ऐकत न्हाई," आई म्हणाली. "पायानं तरी का ऐकावं?"

आणि मग एके दिवशी तिनं चावी मागितली. ती गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. पायाच्या मशीनवर बसून बसून तिच्या पायाला एक समज आली होती. "पाय ठेवायचा आसतो," ती दादांना म्हणाली, "घालायचा नसतो." शाळेच्या मैदानावर महिनाभर ती गाडी शिकली. सुरवातीला गिअर टाकताना असा आवाज यायचा, की मास्तर वर्गाची खिडकी लावून घ्यायचे. पण ब्रेक मात्र तिला पहिल्या दिवशी जमला. गाडी अशी थांबायची, की थांबली हे कळायला खिडकीतून बाहेर बघावं लागायचं. तिनं लायसन काढलं. गावानं महिनाभर हसून घेतलं आणि मग बाजारला तिच्याच गाडीतून जायला लागलं.

याच सुमारास मला बघायला घोडेगावचे पाहुणे येणार ठरलं. मुलगा, त्याची आई आणि वडील जानकूराव. जानकूराव म्हणजे भारी प्रस्थ, डोक्यावर फेटा, बोलण्याआधी खाकरणं. त्यांना नारायणगावच्या स्टँडवरून आणायला आईच निघाली होती, पण दादा आडवे आले. "पहिल्याच भेटीला बाई गाडी घिऊन गेली, तर लोक काय म्हणतील?"

दादा गेले. तासाभरानं गाडी अंगणात आली आणि कचकन थांबली. जानकूराव उतरले तेव्हा त्यांचा फेटा गळ्यात होता आणि नाकाला रुमाल. त्यांच्या बायकोनं दार घट्ट धरून ठेवलं होतं. ते सोडवायला मी मदत केली. मुलाच्या कपाळावर टेंगूळ होतं. पोहे झाले, चहा झाला. मला काय येतं, हे कुणी विचारलंच नाही. जानकूरावांनी विचारलं ते एकच: "परतीला यष्टी कितीला हाय?"

यष्टी नव्हती. म्हणजे संध्याकाळी उशिरा एक होती, पण तिचा भरवसा नव्हता. दादांनी चावी उचलली तशी जानकूरावांची बायको मटकन खाली बसली.

"मी सोडती," आई म्हणाली. "सोबतीला पोरगी यील. तुमी घरी ऱ्हावा."

जानकूरावांनी एकदा आईकडं बघितलं, एकदा दादांकडं बघितलं आणि खाकरून पुढं आईशेजारी बसले. मागं मी, मुलाची आई, मुलगा. आई पदर खोचून बसली आणि निघाली. मंचर सोडल्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग रस्त्यात आडवी आली. जानकूरावांनी डोळे मिटून दोन्ही हात समोर टेकले. गाडी थांबली. त्यांनी एक डोळा उघडला. मागं त्यांच्या बायकोला डुलकी लागली होती, तीसुद्धा मोडली नव्हती.

एवढं झाल्यावर धीर आला असावा. जानकूरावांनी फेटा नीट केला, खाकरले आणि आईला म्हणाले, "बयाबाई, सगळं ठीक हाय. पण आदीच सांगून ठिवतो. आमच्या घरात बायामाणसं गाडी चालवत न्हाईत. पोरीला ही सवय नको."

आईनं गाडी हळूच कडेला घेतली, थांबवली आणि त्यांच्या बाजूचं दार हात लांबवून उघडलं.

"काय झालं?" जानकूरावांनी विचारलं.

"बाईमाणूस चालवतंय, पावणं. तुमाला चालत न्हाई ना. उतरा."

दोन्ही बाजूला ऊस होता. माणूस दिसत नव्हतं. जानकूरावांनी बाहेर पाहिलं, आत पाहिलं, रुमाल काढून नाक चाचपलं. मग दार ओढून घेतलं.

"मी आपलं... आमच्या आज्याच्या वेळची गोष्ट सांगत व्हतो," ते म्हणाले. "चालवा."

मागच्या सीटवर मुलाला फसकन हसू आलं. बापाच्या देखत. तो हसू दाबायला गेला, तर आणखीच फुटलं, आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. तोवर मी त्याला धड पाहिलंही नव्हतं. कपाळावर टेंगूळ आणि डोळ्यांत पाणी, असं ते ध्यान होतं. मला तेवढं पुरलं.

होकार आठवड्यात आला. लग्न पिंपळवंडीत झालं आणि सासरी मला आईनंच सोडलं. आईच गाडी चालवत मुलीला सोडायला निघाल्यावर रडावं कसं, हे वऱ्हाडातल्या बायकांना कळेना. बऱ्याचजणी हुंदका अर्धवट सोडून बघत राहिल्या. दादा पुढं बसले होते. नारायणगाव येईपर्यंत त्यांनी दहावीस वेळा पायाखालची चटई दाबली.

"अवो, तिथं काय बी न्हाई," आई म्हणाली. तिनं एका हातानं डोळे पुसले. "गप बसा."

"म्हाईत हाय," दादा म्हणाले आणि पुढचा ट्रक दिसताच पुन्हा दाबली.